वाचनात अडखळणारी मुले आणि ‘परिणामकारक’ अध्यापन : एक चिकित्सा

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांच्या शीर्षकांत ‘परिणामकारकता’ हा शब्द जितक्या वेळा येतो तितक्या वेळा दुसरा एखादा शब्द क्वचितच येत असेल. वाचनात मागे पडलेल्या मुलांसंबंधीचे प्रबंधही याला अपवाद नाहीत. त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. तिसरीच्या वा चौथीच्या वर्गाची चाचणी घेऊन सर्वांत कमी गुण मिळविणारी तीसएक मुले निवडावयाची, त्यांना पाचसहा आठवडे ‘उपचारात्मक’ अध्यापन द्यावयाचे, पुन्हा चाचणी घ्यावयाची, दोन मध्यमानांतील फरकाचे ‘टी’ मूल्य काढावयाचे, आणि ते सार्थ ठरले की कार्यक्रम परिणामकारक असल्याचे नोंदवून मोकळे व्हावयाचे. कार्यक्रम परिणामकारक ठरला नाही असा निष्कर्ष काढणारा प्रबंध शोधूनही सापडणे कठीण. उपाय इतके आणि सर्वच गुणकारी असतील, तर न वाचणारी मुले वर्गावर्गांत शिल्लक का राहतात, असा प्रश्न कोणालाही पडावा.

या साच्यातील पहिला दोष संख्याशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही सांगितलेला असतो. एखाद्या चाचणीत तळाशी आलेली मुले वेगळी काढली की त्यांतील काही खरोखर दुर्बल असतात आणि काही त्या दिवशी केवळ दुर्दैवी ठरलेली असतात. एखाद्याला ताप असतो, एखाद्याने प्रश्नच ऐकलेला नसतो. हीच मुले पुन्हा तपासली तर मधल्या काळात कोणी काहीही शिकविले नसले तरी त्यांचे सरासरी गुण मध्याकडे सरकणारच. तुलनागट नसेल तर ही आपोआप झालेली वाढ अध्यापनाच्या खात्यावर जमा होते. दुसरा दोष याहून साधा आहे. उत्तरचाचणी बहुधा संशोधकानेच तयार केलेली असते आणि तीत जे शब्द येतात तेच सहा आठवडे घोटून घेतलेले असतात. मुलाने ते शब्द ओळखले याचा अर्थ ते वाचू लागले असा होत नाही. वाचन म्हणजे कधी न पाहिलेला शब्द स्वतःच्या बळावर उलगडणे होय, आणि त्याचीच परीक्षा येथे होत नाही. तिसरी गोष्ट कालाची. वर्ष उलटल्यावर त्या मुलांचे काय झाले हे पाहण्यास कोणी परत जात नाही; पदवी तोवर मिळालेली असते.

हे निव्वळ पद्धतिशास्त्रीय किस काढणे नव्हे, आणि कोल्हापुरात तर नव्हेच. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. राज्यसत्तेने मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्याची जबाबदारी स्वीकारली, हे या हुकुमाचे ऐतिहासिक मोल आहे. परंतु दारातून आत आलेल्या मुलास अक्षर आले की नाही, याचा हिशेब कोणताही हुकूम ठेवू शकत नाही. १९२९ च्या हार्टोग समितीने ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ हे दोन शब्द भारतीय शिक्षणचर्चेत रूढ केले. त्यांपैकी गळतीची चर्चा पुढे अर्धशतक होत राहिली. स्थगितीच्या पोटात, म्हणजे पहिलीतच वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या मुलांच्या पोटात, न येणारे वाचन दडलेले होते, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. याच जिल्ह्यात जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीशी निगडित असलेले जे. पी. नाईक यांनी १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून काम केले. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिहींचा मेळ भारतीय शिक्षणास साधत नाही, ही खंत त्यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने नापास करणेच थांबविले तेव्हा स्थगिती नाहीशी झाली नाही, ती केवळ वरच्या वर्गात गेली. पूर्वी न वाचणारे मूल पहिलीत सापडत असे; आता ते पाचवीत सापडते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, तीमुळे ते पकडले जाईल, शिकविले जाईलच असे नाही. २०१८ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ५०.५ टक्के होती आणि शाळा बंद राहिल्याच्या काळानंतर, २०२२ साली, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले, असे ‘असर’च्या पाहणीत दिसून आले.

अशा मुलास मराठीत एका अक्षराने हिणविण्याची पद्धत आहे. ‘ढ’ हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून आजवर जसेच्या तसे राहिले, त्यात काही सुधारणा झाली नाही, म्हणून न सुधारणारा विद्यार्थी तो ‘ढ’, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागील समजूत शिक्षकांच्या मनात घट्ट बसलेली आहे: दोष मुलात आहे, आणि तो न बदलणारा आहे.

वस्तुतः ‘वाचता येत नाही’ या एका वाक्याखाली निरनिराळ्या जातीची मुले कोंबलेली असतात. ऊसतोडणीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांची मुले गळिताच्या हंगामात कोल्हापूरच्या फडांवर असतात. वर्षातील निम्मे महिने ज्याची शाळाच सुटते त्याला वाचता येत नाही याचे कारण त्याच्या मेंदूत शोधावयाचे नसते. शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज या बाजूस घरी कन्नड बोलणारी आणि शाळेत मराठी वाचणारी मुले आहेत. त्यांची अडचण अक्षराची कमी आणि शब्दार्थाची अधिक असते. याहून सूक्ष्म प्रकार खुद्द मराठी बोलणाऱ्या मुलांचा आहे. खेड्यातील मूल ‘विहीर’ हा छापील शब्द पाहून ‘इहीर’ म्हणते, ‘वेळ’ पाहून ‘येळ’ म्हणते. शिक्षक ती चूक म्हणून नोंदवितो. विचार केला तर असे दिसेल की या मुलाने शब्द बरोबर ओळखला, त्याचा अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात परत दिला. अर्थात ते खऱ्या अर्थाने वाचले. उलट ‘वि...ही...र’ असे एकेक अक्षर ठणठणीत म्हणून शेवटी ‘विहीर म्हणजे काय’ या प्रश्नावर गप्प राहणारे मूल शिक्षकाच्या वहीत उत्तीर्ण ठरते. ज्या चाचणीत पहिला नापास आणि दुसरा पास होतो, तीवर आधारलेली परिणामकारकता कशाची म्हणावयाची?

या साऱ्यांहून वेगळे असे एक मूल असते. त्याची हजेरी पुरी असते, घरची भाषा शाळेचीच असते, बुद्धी चांगली असते, बोलणे चुरचुरीत असते. तरीही अक्षर आणि ध्वनी यांची गाठ त्याच्या मनात बसत नाही, बसली तरी टिकत नाही. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टराने अशाच एका हुशार मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या स्थितीचा अभ्यास चालू आहे. तिला आता डिस्लेक्सिया म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द घरोघर पोहोचला तो २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे. चित्रपटाने सहानुभूती निर्माण केली हे खरे, परंतु त्याबरोबर एक अपेक्षाही निर्माण केली, की अशा मुलात कोठेतरी चित्रकार दडलेला असलाच पाहिजे. ज्याच्यात चित्रकार दडलेला नाही त्यालाही वाचता यावे, एवढा साधा हक्क या कौतुकात झाकला जातो.

या मुलांसंबंधी शिक्षकांच्या प्रशिक्षणात जे साहित्य वाटले जाते, त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. त्यातील लक्षणांच्या याद्या बहुतांशी इंग्रजीवरून उचललेल्या असतात. ‘मूल बी आणि डी ही अक्षरे उलटसुलट वाचते’ हे लक्षण मराठी शाळेतील पहिलीच्या शिक्षकास काय उपयोगाचे? देवनागरीत आरशातील प्रतिमेसारख्या अक्षरजोड्या जवळजवळ नाहीत. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या नेमक्या आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्यांत एखाद्या गाठीचा वा रेघेचा फरक. ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा दिसणारा. ऱ्हस्व इकाराचे चिन्ह लिहिले जाते आधी आणि उच्चारले जाते नंतर. डावीकडून उजवीकडे जाण्याची शिस्त नुकतीच लागलेल्या डोळ्यास हा मोठाच गोंधळ होय. हिंदी वाचकांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे शब्द वाचावयास अधिक वेळ लागतो, असे आढळले. मराठीची तर याहून खास अशी वळणे आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘चा’ एकाच चिन्हाने लिहिला जातो आणि दोन रीतींनी उच्चारला जातो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत केवळ रेफाच्या जागेचा भेद. आचार्यांना द्यावयाचा मान आचाऱ्यांना आणि आचाऱ्यांचा आचार्यांना जाण्याइतका हा भेद नाजूक आहे. अनुस्वाराचे चिन्ह ‘संत’, ‘अंगण’, ‘संबंध’ आणि ‘सिंह’ यांत निरनिराळे काम करते. मराठी जशी बोलली जाते तशी लिहिली जाते, हा जो समज शिक्षकांत प्रचलित आहे तो याच अवघड जागी मुलास एकटे सोडतो.

त्यात भर संख्येची. चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे धरली तर जोडाक्षरे सोडूनही चारशे आठ अक्षरे होतात. इंग्रजी मुलासमोर सव्वीस चिन्हे असतात. त्याचे दुःख चिन्हे आणि ध्वनी यांच्या अनियमित नात्याचे, आपल्या मुलाचे दुःख चिन्हांच्या गर्दीचे. सोनाली नाग यांनी कन्नड भाषिक मुलांवर केलेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले की अक्षरमालेवरील प्रभुत्व हे पहिल्या एकदोन वर्षांचे काम नव्हे. ते प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते, आणि अक्षराच्या आतील सुटा वर्ण वेगळा ऐकू येण्याचे भानही सावकाश येते. मराठीसाठी याच प्रकारची दीर्घकालीन पाहणी वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेच्या साहाय्याने झाली. तिचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिसरी संपत आली तरी सलग मजकूर सुखाने वाचू न शकणारी मुले तेथे मोठ्या संख्येने आढळली. अभ्यासक्रम मात्र मुळाक्षरे आणि बाराखडी पहिल्याच वर्षी संपली असे गृहीत धरून पुढे गेलेला होता. मुलाच्या गतीपेक्षा पुस्तकाची गती अधिक ठेवावयाची आणि मागे राहिलेल्यास मंद म्हणावयाचे, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे.

आता प्रत्यक्ष अध्यापनाकडे. जुन्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी आणि त्याच वेळी ते मोठ्याने उच्चारी. हात, डोळा, कान आणि जीभ यांना एकदमच कामास लावण्याची ही रीत पुढे अमेरिकेत ऑर्टन, गिलिंगहॅम आणि स्टिलमन यांच्या परंपरेने वाचनदोष असलेल्या मुलांसाठी शास्त्रशुद्ध म्हणून मांडली. यावरून सर्व काही आपल्याकडे आधीच होते असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. धूळपाटीनंतर जे येई ते बाराखडीचे पाठांतर. आणि पाठांतर हे न येणे झाकण्याचे उत्तम साधन आहे. ‘क का कि की’ धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच ‘के’वर बोट ठेवून विचारले तर ते पहिल्यापासून म्हणत म्हणत तेथवर येते. म्हणजे त्याला क्रम येतो, चिन्ह येत नाही. शिवाय मुळाक्षरे संपेपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द वाचावयास मिळत नाही. पुढे याची प्रतिक्रिया म्हणून शब्दपद्धती व वाक्यपद्धती आल्या. त्यांनी अर्थ आणला, पण अक्षरे सोडवून दाखविण्याचे काम मुलाच्या चाणाक्षपणावर सोपविले. चाणाक्ष मुले ते करतात. ज्याला अडचण आहे ते मूल चित्र पाहून वाक्य पाठ म्हणते, आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

या दोहोंतून वाट काढण्याचा जो प्रयत्न फलटण येथे झाला तो पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेबाहेर राहिलेल्या, वाचता न येणाऱ्या वस्तीतील मुलांना शिकविता शिकविता आपली पद्धत बसविली. वर्णमालेचा परंपरागत क्रम बाजूस ठेवून थोड्या अक्षरांचा व स्वरचिन्हांचा गट घ्यावयाचा, त्यातूनच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये बनवावयाची, आणि तो गट पक्का झाल्याखेरीज पुढील गटास हात लावावयाचा नाही, हे तिचे सूत्र होय. क, म, न, ल ही चार व्यंजने आणि आकाराचे चिन्ह एवढ्यावर ‘काम’, ‘कान’, ‘नाक’, ‘मका’, ‘माल’, ‘लाल’ हे शब्द वाचता येतात. पहिल्या आठवड्यातच मुलाच्या हाती अर्थ येतो, आणि तो त्याने अंदाजाने नव्हे तर अक्षर सोडवून मिळविलेला असतो. गटवार पद्धतीचा हा गुण वरकरणी लहान दिसतो, पण वारंवार अपयशी ठरलेल्या मुलाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. थोड्या अक्षरांत गोष्ट बसवावयाची म्हणजे गोष्ट कृत्रिम होते. ‘लाल मका’ असल्या वाक्यांनी कोणाची जिज्ञासा जागी होणार? यास्तव मुलाने स्वतः वाचावयाचा मजकूर मर्यादित ठेवतानाच त्याला वाचून दाखवावयाचा मजकूर समृद्ध असावा लागतो. हे दुसरे अंग सोडून केवळ गटांचे तक्ते उचलले तर जुन्या बाराखडीच्या जागी नवी बाराखडी येते, एवढेच.

कोल्हापुरात या संदर्भात लीला पाटील यांचे नाव टाळून पुढे जाता येणार नाही. १९८५ साली त्यांनी येथे सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने भीती, शिक्षा आणि स्पर्धा यांवाचून प्राथमिक शाळा चालू शकते हे दाखवून दिले. मुलाचे स्वतःचे बोलणे व लिहिणे हेच भाषेचे पाठ्यपुस्तक मानले. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला याचा केवढा आधार आहे हे वेगळे सांगावयास नको, कारण अशा मुलाचे निम्मे दुखणे भीतीचेच असते. तथापि या परंपरेचा जो अनुवाद पुढे शासकीय प्रशिक्षणांतून झाला, त्यात आनंद उरला आणि अध्यापन सुटले. गाणी, खेळ आणि तक्ते यांनी वर्ग रंगीबेरंगी झाले. ‘मूल स्वतःच शिकते’ हे वाक्य शिक्षकांना सोयीचे वाटले. सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. परंतु ज्याला अक्षर आणि ध्वनी यांचे नाते आपोआप उमगत नाही त्याच्या बाबतीत ते खरे नाही. त्याला ते नाते उघड करून, लहान पायऱ्यांनी, पुनःपुन्हा आणि दररोज शिकवावे लागते. इतरांना जे दहा वेळा पाहून येते ते त्याला शंभर वेळा पाहून येईल. अशा मुलास अनुभवावर सोपविणे म्हणजे मायाळूपणे केलेली उपेक्षाच होय. लीलाताईंचा स्वतःचा आग्रह शिक्षकाच्या कष्टाळू तयारीवर होता. अनुयायांनी नेमके तेच गाळले.

इयत्तेऐवजी पातळीनुसार गट पाडून शिकविण्याची ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत याच्या उलट टोकाची आहे. तिची विशेष गोष्ट अशी की तिची कसोटी खऱ्या तुलनागटांनिशी झाली. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ कार्यक्रमाच्या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना स्पष्ट लाभ झाल्याचे दिसले. पण त्याच संशोधकांनी वर्षभराने पुन्हा मोजले तेव्हा त्या लाभाचा बराच अंश ओसरला होता, आणि तेही त्यांनी २००७ च्या आपल्या निबंधात नोंदविले. मुलास तेथून उचलून पुन्हा त्याच वेगवान वर्गात बसविल्यावर दुसरे काय होणार? प्रबंधांचा साचा जेथे थांबतो तेथून या अभ्यासाने आणखी एक पाऊल टाकले, आणि नेमके त्याच पावलावर महत्त्वाची गोष्ट हाती लागली.

निदान आणि सवलती यांविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक आदी सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या स्थितीस कायद्याची मान्यता दिली. परंतु प्रमाणपत्राचा मार्ग दीर्घकाळ मुंबईतील मोठ्या रुग्णालयांतून जात होता. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ साली आली. तोवर मराठी माध्यमाच्या मुलास त्याच्याच भाषेत तपासण्याचे प्रमाणित साधन दुर्मीळच होते. राधानगरी वा शाहूवाडीच्या शाळेतील मुलाला दहावीत जादा वेळ मिळाला तरी न येणारे वाचन त्या वेळेत यावयाचे नाही. सवलत हा वाचनाचा पर्याय नव्हे, आणि दहावी ही वाचन शिकविण्याची इयत्ता नव्हे.

मग येथील संशोधकाने करावयाचे काय? तीस मुलांचे मध्यमान काढण्यापूर्वी त्याने एका मुलाच्या चुका महिनाभर लिहून काढाव्यात: कोणते अक्षर कोणत्या अक्षराऐवजी आले, ऱ्हस्व इकारावर ते थांबले की जोडाक्षरावर, ‘येळ’ म्हणाले ते अडखळून की अर्थ कळून, आणि काल आलेले अक्षर आज आठवले काय. चाचणीत न शिकविलेले शब्द घालावेत. अर्थशून्य पण उच्चारसुलभ असे ‘मकील’, ‘नुताब’ यांसारखे बनावट शब्दही घालावेत, म्हणजे पाठांतर आणि वाचन वेगळे होतील. तुलनागटातील मुलांनाही तितकाच वेळ कोणीतरी जवळ बसून काहीतरी शिकवावे, म्हणजे लाभ पद्धतीचा की केवळ शिक्षकाच्या सहवासाचा हे कळेल. शाळा निवडताना हंगामात फडावर जाणारी मुले आणि वर्षभर वर्गात असणारी मुले यांची एकाच सरासरीत मोट बांधू नये. आणि पुढल्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, त्याच मुलांना तोच परिच्छेद पुन्हा वाचावयास द्यावा, व जो आकडा येईल तो प्रबंधात छापावा, तो कितीही लहान असला तरी.